पानमळ्यातून उठायचं नाही

गेल्या महिन्यात तिसरा माणूस घरी आला. ओसरीवर बसला, तांब्याभर पाणी प्याला, पावसाबद्दल बोलला, सोयाबीनवर पडलेल्या अळीबद्दल बोलला. वंदना, म्हणजे माझी बायको, चहाचे कप घेऊन आत गेली तशी त्यानं खुर्ची जवळ ओढली आणि आवाज बारीक करून विचारलं, "दिवाकरभाऊ, तुमाले सुरवातीले काय होत होतं?"

मी उलट विचारलं, किती दिवसांनी जाता? तो दाराकडे बघत म्हणाला, पाच. मग म्हणाला, कधी सहा.

असं एकेकाच्या कानात सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढलेलं बरं, म्हणून हे लिहितो आहे. माझ्या मोठ्या आतड्याचा एक भाग फुगून तिपटीनं मोठा झाला होता. त्याला दोनदा पीळ पडला. दुसऱ्या वेळी तो भाग कापून काढावा लागला आणि पाच महिने माझ्या पोटावर पिशवी होती. आता पिशवी निघाली, आतडं जोडलं, पोटावर वण राहिले. मी डॉक्टर नाही, विड्याचं पान पिकवणारा आहे. गोळ्यांची नावं मला विचारू नका. पुढे संडास, शी असे शब्द येतील. ज्याला किळस येते त्यानं इथेच थांबावं. मीही तीस-बत्तीस वर्षं किळसच करत होतो.

नियम

आमचं गाव परतवाडा आणि अकोट यांच्या मधे, सातपुड्याच्या पायथ्याशी. आमच्या चार पिढ्या विड्याचं पान लावत आल्या. पानमळ्याला आमच्याकडे तांडा म्हणतात, पण मी मळाच म्हणतो, नाहीतर बाहेरच्यांना भलतंच वाटतं. शेवरीच्या झाडांवर वेल चढवलेले असतात, वर सावली, खाली ओल, भर उन्हाळ्यातही आत गार. बाहेर पारा कुठंही जावो, मळ्यात शिरलं की बरं वाटतं.

मळा म्हणजे देऊळ, असं आमच्या घरी धरतात. चप्पल फाटकाबाहेर काढायची. आंघोळ केल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही. बायकांनी महिन्याचे चार दिवस फाटकापर्यंतही यायचं नाही. आणि मधेच परसाकडे जावं लागलं तर डोक्यावरून आंघोळ करायची, कपडे बदलायचे, मगच पुन्हा आत. नाहीतर वेल विटाळ धरतो, पान तांबडं पडतं, आठ दिवसांत अख्खा मळा बसतो. हे सगळं माझ्या बाबांनी मला शिकवलं. त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं.

मी पंधराव्या वर्षी मळ्यात शिरलो. पहिल्याच हिवाळ्यात पान खुडता खुडता नऊच्या सुमाराला कळ आली. उठलो, जाऊन आलो, विहिरीवर थंडगार पाण्यानं आंघोळ केली, कुडकुडत आत आलो. सोबतचे खुडणारे हसले. एक जण म्हणाला, नवरदेवाची हळद दुसऱ्यांदा लागली वाटते. माझी ओळ तेवढ्या वेळात बाबांनी स्वतःच खुडून टाकली होती. मला फार लाज वाटली.

त्यानंतर मी उठलो नाही. त्याची एक युक्ती आहे आणि ती कोणी करू नये म्हणून सांगतो. कळ आली की उकिडवं बसून एक टाच खाली घ्यायची आणि तिच्यावर भार देऊन दाबून धरायचं. दोन मिनिटं घाम फुटतो. मग कळ जाते. पहाटे आंघोळ करून शिरायचो तो दोन वाजता बाहेर यायचो. दोन वाजता जायची इच्छाच राहिलेली नसायची. बाबा चार लोकांत सांगायचे की आमचा दिवाकर एकदा मळ्यात बसला की दुपारीच उठते. हे ऐकून माझी छाती फुगायची. पोटाचं पुढे बघू, असं वाटायचं.

आठ दिवस

कळ बिचारी किती दिवस येणार? दहा-बारा वर्षांत ती यायचीच बंद झाली. दिवसाआडचं तीन दिवसांवर गेलं, तिनाचं पाचावर, पुढे आठावर. कोणाला सांगितलं नाही. वंदनालाही नाही. नवऱ्यानं बायकोला हे सांगायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

पोट वाढलं. हातपाय काड्या आणि पोट मडकं. अकोल्याला जुन्या शहरात आमच्या पानाचे व्यापारी आहेत, तिथे करंडी उतरवली की ठरलेली थट्टा व्हायची, काय गा दिवाकर, कितवा महिना? मीही म्हणायचो, नववा लागला, बारशाला या. हसण्यावारी नेलं की प्रश्न मिटतो.

उपाय केले नाहीत असं नाही. एरंडेल झालं, त्रिफळा झाला, गरम पाण्यात तूप झालं. गावात एक बेंबी बसवणारी म्हातारी आहे. तिनं पोटावर दिवा ठेवून वर तांब्या पालथा घातला आणि सांगितलं की बेंबी सरकली होती, बसवली. चार दिवस खरंच हलकं वाटलं. मग पुन्हा तेच. रात्री झोपल्यावर पोटातून गुडगुड आवाज यायचा आणि वंदना झोपेतच म्हणायची, काय जेवलात बाप्पा.

अमरावती

माझी मुलगी प्राची अमरावतीला शिकते, तिघी मैत्रिणी खोली करून राहतात. तिला गहू आणि डाळ पोचवायला मी गेलो होतो. परतवाड्यापर्यंत बरा होतो. पुढे बसमधे पोटात अशी कळ आली की समोरच्या सीटचा दांडा धरून बसलो. ही जुनी ओळखीची कळ नव्हती. तिच्या खोलीवर पोचलो तेव्हा पोट ढोलासारखं ताठ झालं होतं आणि दोनदा उलटी झाली. प्राचीनं गव्हाचं पोतं जिन्यातच टाकलं आणि मला ऑटोत घातलं.

दवाखान्यात एक डॉक्टरबाई होत्या, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान. पोट तपासता तपासता त्यांनी विचारलं, "काका, संडासला किती दिवसांनी जाता?"

प्राची शेजारी उभी होती. मी म्हणालो, रोज.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग प्राचीला एक चिठ्ठी दिली आणि खालून औषध आणायला पाठवलं. ती गेल्यावर म्हणाल्या, "मुलगी गेली. आता खरं सांगा."

मी म्हणालो, आठ दिवसांनी. कधी दहा. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस मी, हे सांगताना रडलो. पोट दुखत होतं म्हणून रडलो असं त्यांना वाटलं असावं. पण तसं नव्हतं. इतकी वर्षं तो आकडा मी एकटाच वागवत होतो आणि तो तोंडातून बाहेर पडला.

एक्सरे काढला. बाईंनी तो दिव्यावर लावून दाखवला. पोटात खालपासून छातीपर्यंत एक जाड, वाकलेली सावली होती. त्यांनी समजावलं की मोठ्या आतड्याचा शेवटचा वाकडा भाग वर्षानुवर्षं भरून राहिल्यामुळे ताणत गेला, सैल पडला, आता त्यात जोर उरलेला नाही. सैल पडलेलं लांब आतडं स्वतःभोवती फिरलं आणि त्याला पीळ पडला. आता वरचं खाली यायला वाट नाही. जन्मापासून असं होतं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, काहींना असतं, पण तुमची गोष्ट ऐकून तसं वाटत नाही. तुम्ही दाबून धरत होता का? मी टाचेची युक्ती सांगितली. बाईंनी पेन खाली ठेवलं.

मग खालून एक लांब नळी घातली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. एवढंच सांगतो की भीती वाटते तेवढं दुखत नाही आणि नळी पोचली की जो वारा बाहेर पडतो त्यानं खोलीतली सगळी माणसं तोंड फिरवतात, पण आपल्याला स्वर्ग मिळतो. पट्ट्याची तीन भोकं सैल झाली. दुसऱ्या दिवशी सिस्टर दर दोन तासांनी दारातून मोठ्यानं विचारायची, पास झालं का? पहिल्यांदा मी भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळपर्यंत मीही मोठ्यानंच सांगायला लागलो.

डॉक्टरबाई म्हणाल्या, हा पीळ आत्ता सुटला आहे, पण पुन्हा पडणार. कधी ते सांगता येत नाही. तो भाग काढून टाकायला हवा, याच मुक्कामात. आत्ता केलं तर शांतपणे करता येईल.

मी बाबांना फोन लावला. वेल उतरवायचे दिवस होते. उन्हाळ्याच्या तोंडाशी वर गेलेले वेल सोडवून, खाली आणून, मातीत आडवे घालून पुन्हा चढवायचे असतात. वर्षातलं सगळ्यात नाजूक काम. हात जड पडला तर वेल मोडतो. आमच्याकडे ते मला आणि बाबांनाच जमतं, आणि बाबांचे गुडघे कधीच गेले आहेत. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग वेल कोन उतरवीन?"

ते काही वाईट हेतूनं बोलले नाहीत. मीही तेच विचारत होतो. मी कागदावर सही केली की माझ्या जबाबदारीवर घरी जातो आहे, वीस दिवसांनी येईन. प्राची म्हणाली, बाबा, तुमी बह्याड आहात. आयुष्यात पहिल्यांदा ती मला वेडा म्हणाली. वंदनानं घरी चार दिवस अबोला धरला, ताट समोर ठेवायची आणि निघून जायची. मला दोघींचाही राग आला. गॅस तर निघाला, आता काय, असं माझं म्हणणं होतं.

अकोला

वेल उतरवून झाले. फार छान झाले, एकही मोडला नाही. एकोणिसाव्या दिवशी मी करंड्या घेऊन अकोल्याला गेलो. मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरात शिरलो, पहिली करंडी उतरवली आणि व्यापाऱ्याच्या ओट्यावर बसलो तो उठलोच नाही. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. कोणीतरी म्हणत होतं, नववा महिना भरला वाटते. मग थट्टा थांबली. मग ऑटोचं छप्पर.

शुद्धीवर आलो तेव्हा वंदना उशाशी होती. तिचा चेहरा बघून कळलं की बरंच काही होऊन गेलं आहे. सर्जन आले आणि त्यांनी उभ्याउभ्या सांगितलं. पीळ पडून आतड्याचा तो भाग काळा पडला होता, कुजायला लागला होता. काढून टाकला. अशा वेळी दोन टोकं लगेच जोडली तर टाके टिकत नाहीत, म्हणून वरचं टोक पोटावर बाहेर काढलं आहे. शी आता तिथून येईल, पिशवीत जमा होईल. काही महिन्यांनी सगळं बरं दिसलं तर पुन्हा जोडू. मग म्हणाले, अर्धा दिवस उशीर झाला असता तर आपण बोलत नसतो.

मी चादर उचलून बघितलं. बेंबीच्या डाव्या बाजूला लालभडक मांसाचं एक बोंड होतं, ओलं, आणि त्यावर पारदर्शक पिशवी. ते बोंड हललं. ते माझं आतडं होतं.

मरणाची भीती मला तेव्हा वाटली नाही, ती पुढे आठवड्यानं वाटली. त्या क्षणी डोक्यात एकच गोष्ट आली. ही पिशवी आता अंगावर रात्रंदिवस राहणार. तिच्यात कधी काय येईल यावर माझा ताबा नाही. एकदा जाऊन आलं तरी आंघोळ करायची असते. मी तर आता कायमच तिथून आलेला माणूस. मळ्यात पाय कसा ठेवणार?

वंदनाला मी एवढंच म्हणालो, मळ्याचं काय? ती म्हणाली, "मळ्याचं नाव काढाल ना, तर मी आत्ताच्या आत्ता उठून जाईन." आणि हुंदका आला म्हणून तोंडात पदर कोंबला.

मास्टर

दवाखान्याचा दिवस साडेपाचला फरशी पुसण्यानं सुरू होतो. फिनेलचा वास, मग चहावाला, मग सिस्टर, मग डॉक्टरांची फेरी. फेरीत सगळे पोटाकडे बघतात, तोंडाकडे कोणी बघत नाही. पहिले तीन दिवस पिशवी रिकामी होती आणि सगळे तिच्यात काय येतं याची वाट बघत होते. चौथ्या दिवशी दुपारी ती फुग्यासारखी फुगली. आवाज अख्ख्या वॉर्डानं ऐकला. मला भुईत गडप व्हावंसं वाटलं. शेजारच्या खाटेवरचा माणूस म्हणाला, "मुबारक हो, भाऊ."

ते नईम मास्टर. जुन्या शहरात त्यांचं शिलाईचं दुकान होतं, आता मुलगी चालवते. त्यांच्या पोटावर दीड वर्षापासून पिशवी होती, आजार वेगळा, आणि ती कायमचीच होती. माझी पिशवी रिकामी करायला सिस्टर यायची तेव्हा मी डोळे मिटून घ्यायचो आणि वंदना खिडकीकडे जायची. मास्टरनी हे दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी स्वतःच उठून आले, माझ्या खाटेवर बसले आणि स्वतःचा सदरा वर केला. पिशवीवर त्यांनी अस्तराच्या कापडाची खोळ शिवली होती, निळ्या रेघांची, खाली बटण. म्हणाले, प्लास्टिक अंगाला चिकटतं, घामानं पुरळ येतं, दवाखान्यात हे कोणी सांगत नाही. मग आपली पिशवी कशी सोडायची, कशी धुवायची, चिकटवताना कातडी कशी कोरडी करायची, सगळं माझ्यादेखत करून दाखवलं. त्यात लाज नव्हती, घाई नव्हती. गिऱ्हाइकाला बटण लावून दाखवावं तसं.

माझ्या खाटेवरून उठताना त्यांनी टेप मागवून माझ्या पोटाचं माप घेतलं. दोन दिवसांनी त्यांच्या मुलीनं दोन खोळी शिवून आणल्या. त्या दिवशी मी मास्टरना विचारलं, मास्टर, नमाजाचं कसं करता? हा प्रश्न मी माझ्यासाठीच विचारत होतो. ते म्हणाले, "पूछा था मैंने. जो अपने बस में नहीं, उसका गुनाह नहीं." माझ्या मनात आलं, यांना विचारायला कोणीतरी होतं आणि त्यानं हो म्हटलं. मी कोणाला विचारणार?

बाबा येऊन गेले

बाबा एकदाच आले. अकोटपर्यंत जीप, पुढे बस, शहात्तर वर्षांचा माणूस एकटा आला. वॉर्डच्या दाराबाहेर चप्पल काढली. सिस्टर म्हणाली, आजोबा, आत चालते चप्पल. त्यांनी ऐकलं नाही.

स्टुलावर बसले. वेलांचं विचारलं नाही, पोटाचंही नाही. वंदना म्हणाली, दाखवा ना त्यांना. मी चादर बाजूला केली. त्या वेळेला खोळ धुवायला टाकली होती. बाबा बघत राहिले आणि नेमकी त्याच क्षणी पिशवी भरायला लागली. बाबा उठले, दाराबाहेर गेले आणि आत आलेच नाहीत. वंदना बघायला गेली तर ते बाहेर बाकावर बसले होते. म्हणाले, गाडीची वेळ झाली.

मला उत्तर मिळालं असं मी समजलो. त्यांना दोष दिला नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही उठलो असतो.

फाटक

घरी आलो. पहिला महिना अंगणापलीकडे गेलो नाही. दुसऱ्या महिन्यात रोज सकाळी मळ्याच्या फाटकापर्यंत जायला लागलो. घरापासून दोनशे पावलं. फाटकाबाहेर उभा राहायचो, कुडाच्या फटीतून बघायचो आणि परत यायचो. नवीन वेल चढत होते. त्यांना दर आठ-दहा दिवसांनी लव्हाळ्यानं शेवरीला बांधावं लागतं, नाहीतर ते लोळतात. बाबा एकटे बांधत होते. वाकले की सरळ व्हायला त्यांना वेळ लागायचा. मजूर लावले होते, पण मजुराच्या हातची गाठ घट्ट बसते आणि वेल काचतो. निम्मे वेल लोळत होते.

वंदना चिडायची. तुमाले कोनी मनाई केली काय, असं रोज विचारायची. मी म्हणायचो, मनाई करावी लागते असं नाही. ती म्हणायची, मग बाबांना विचारा. मी विचारलं नाही. ते नाही म्हणाले असते तर पुढे जेवताना समोरासमोर कसं बसायचं? बाबाही काही बोलत नव्हते. आम्ही तिघं एका घरात गप्प राहत होतो. दवाखान्यातले दिवस त्यापेक्षा बरे होते, हे मी खरं सांगतो.

एका सकाळी मी फाटकाशी उभा असताना बाबांनी आतून हाक मारली. "दिवाकर, पान पिवळं पडून राहिलं रे एका अंगानं. पाहून जा जरा."

मी जागचा हललो नाही. म्हणालो, "बाबा, मले आत येता येत नाही."

"काहून?"

"पिशवी हाय ना."

मग बाबा हळूहळू चालत फाटकाबाहेर आले आणि विहिरीच्या कठड्यावर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. धोतराला चिखल लागला होता.

"मी दहाच्या टायमाले मोटर पाहाले जात होतो, आठवते तुले?"

मी म्हणालो, आठवतं. लहानपणापासून बघत होतो. मळ्यातून फक्त बाबा उठायचे, मोटरीचं काम म्हणून.

"मोटर पाहाले नव्हतो जात," बाबा म्हणाले. "तिकडं बोरीमांगं बसून येत होतो. अन् इथी पाय धुवून आत जात होतो."

"अन् आंघोळ?"

"नाही."

"कधीपासून?"

"पहिलेपासून. माहा बाप बी तसंच करे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्यांनी मान वर केली नाही. मी विचारलं, "मंग मले काहून नाही सांगतलं?"

ते पायाखालच्या ओल्या दगडाकडे बघायला लागले. मग म्हणाले, "तू उठतच नव्हता. लोकं म्हणत, दिवाकर पाहा कसा बसते. मले बरं वाटे."

मला राग आला. एवढा राग मला कधी आला नव्हता, त्या काळ्या पडलेल्या आतड्याचा नाही, माझ्या स्वतःचाही नाही. घशापर्यंत शिव्या आल्या. बत्तीस वर्षं मी टाचेवर बसलो, आणि हा माणूस रोज दहा वाजता बोरीमागे जाऊन हलका होऊन येत होता. मी त्यांच्याकडे बघत उभा राहिलो.

"दवाखान्यात तुही पिशवी पाहिली अन् मले तथी बसवलं नाही," बाबा म्हणाले. मग फाटकाला धरून उठले. "चप्पल काढ. चाल आत."

मी चप्पल काढली. साडेतीन महिन्यांनी त्या गार मातीत पाय पडला तेव्हा डोळे भरून आले आणि राग तसाच होता. दोन्ही एका वेळेला असू शकतं. पिवळं पान बघितलं, पाणी साचत होतं, पाणी जायचा दांड मोकळा केला. मग दोघंही बांधायला बसलो. तास-दीड तास मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही.

दहाच्या सुमाराला पिशवी जड झाली. मी उठलो. बत्तीस वर्षांत कामाच्या मधे पहिल्यांदा उठलो तो त्या दिवशी. बाहेर जाऊन पिशवी रिकामी केली, साबणानं हात धुतले, विहिरीवर पाय धुतले. तिथेच बादली होती, मोटरही चालू होती. फाटकाशी आलो आणि माझं पाऊल पुढे पडेना. पंधराव्या वर्षीची थंडी अंगावर आली.

बाबा आत वेल बांधत होते, माझ्याकडे पाठ होती. पाठीनंच त्यांना कळलं असेल.

"पाय धुतले ना?"

"धुतले."

"मंग ये," ते म्हणाले, आणि लव्हाळ्याची जुडी माझ्या जागेकडे सरकवली.